लेकरू झोपत नाही: मेलाटोनिनची गोड गोळी आणावी की घरची घडी बसवावी?

संक्रांतीच्या आधीचा सोमवार, बाजाराचा दिवस. भाजीची पिशवी खाली ठेवून एका बाईंनी माझ्या मेडिकलच्या काउंटरवर मोबाइल सरकवला. स्क्रीनवर मेलाटोनिनच्या, अस्वलाच्या आकाराच्या रंगीत गोळ्यांची बाटली.

“ताई, हे भेटते काय तुमच्याकडे? लेकराले झोप येते म्हणते यानं. माह्या भावानं पुण्याहून फोटो पाठवला.”

पोरगी चार वर्षांची. रात्री अकरा-साडेअकरापर्यंत टक्क जागी, सकाळी हलवून उठत नाही, अंगणवाडीत जाऊन पेंगते. आई पहाटे पाचला उठते आणि दिवसभर पऱ्हाटीत कापूस वेचते. तिला गोळीच का हवी होती ते मला कळत होतं. आमची आजी सांगायची, तिच्या लहानपणी निंदणाला जाणाऱ्या बाया तान्ह्याला अफूचा कण चाटवून धुऱ्यावरच्या झाडाला झोळीत निजवायच्या. थकलेल्या आईची गरज जुनीच आहे, बाटली तेवढी नवीन.

असे फोटो आता वरचेवर येतात, म्हणून काउंटरवर तुकड्यातुकड्यानं सांगते ते इथे सलग लिहिलं. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. आणि गोळी विकली तर मला चार पैसे सुटतात, सल्ल्याचे सुटत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

गोळी करते काय

मेलाटोनिन आपल्याच मेंदूत, पिनियल नावाच्या इवल्याशा ग्रंथीत तयार होतं. अंधार पडला की रक्तात वाढतं आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी देतं. १९५८ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात आरन लर्नर यांनी गुरांच्या पिनियल ग्रंथींतून ते वेगळं काढलं. गंमत म्हणजे ते त्वचारोगतज्ज्ञ, शोधत होते कातडीच्या रंगावरचा इलाज.

म्हणजे गोळी लेकराला पाडून झोपवत नाही, फक्त दवंडी देते. दवंडी ऐकून लोक जमतीलच असं नसतं, हे गावात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) किंवा अतिचंचल (एडीएचडी असलेल्या) मुलांवर जे अभ्यास झाले त्यांत झोप साधारण वीस मिनिटं ते अर्धा तास लवकर लागल्याचं दिसतं. रात्री मधूनच उठणाऱ्या लेकराला तिचा फारसा उपयोग नाही. एरवी धडधाकट असलेल्या लहान मुलांबाबत पुरावा पातळच आहे, आणि वर्षानुवर्षं दिली तर वयात येण्यावर काही परिणाम होतो का, याचा निकाल अजून लागलेला नाही.

घरची घडी बसवायला दोन आठवडे जातात. गोळी लागू पडली तर पहिल्या रात्रीच फरक दिसतो. गोळीची खरी बाजू एवढीच, आणि ती लहान नाही. पण साडेअकराचे अकरा होणार असतील तर त्या आईच्या पाच वाजताच्या उठण्यात काय बदललं?

बाटलीवर एक, आत दुसरं

अमेरिकेत मेलाटोनिन पूरक आहार म्हणून किराण्याच्या दुकानातही मिळतं. ब्रिटनमध्ये तेच डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. औषध पूरक आहार म्हणून विकलं की काय होतं, ते २०२३ साली अमेरिकेत झालेल्या तपासणीत दिसतं. बाजारातल्या २५ गमी, म्हणजे अशाच चघळायच्या गोड गोळ्या, तपासल्या, तर २२ मधलं प्रमाण लेबलशी जुळलं नाही. लेबलवरच्या आकड्याच्या ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत माल आत होता, आणि एकीत तर मेलाटोनिनच नव्हतं. त्याआधी २०१७ मध्ये कॅनडात ३१ उत्पादनं तपासली, तेव्हा जवळपास चौथ्या हिश्शात सेरोटोनिन हे भलतंच रसायन निघालं.

मोठ्या माणसाला तिप्पट डोस गेला तर तो उद्या दुपारपर्यंत जड राहील. पंधरा किलोच्या पोरीचं गणित वेगळं.

दुसरी धास्ती मला गोड चवीची आहे. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे लेकरांनी मेलाटोनिन खाल्ल्याच्या २०१२ मध्ये ८,३३७ नोंदी झाल्या होत्या, २०२१ मध्ये ५२,५६३. त्या दहा वर्षांत दोन मुलं दगावली. बहुतेकांना काही झालं नाही हेही खरं. पण तिकडच्या घरात कुलपाचं कपाट असतं आणि दवाखाना जवळ असतो. आपल्याकडे एका खोलीत सहा माणसं, औषधं टीव्हीच्या मागे नाहीतर देवळीत, आणि १०८ ची गाडी यायची तेव्हा येणार. चॉकलेटसारखं औषध अशा घरात नेताना मी दहादा विचार करीन.

घडी बसवणं: शहरातल्या सल्ल्यात न बसणारं घर

“आठला दिवे मालवा, मुलाला त्याच्या खोलीत न्या.” असा सल्ला वाचला की मला हसू येतं. कुठली खोली? आई सहाला शेतातून येते, चूल पेटवते, जेवणं नवाला. गव्हा-हरभऱ्याच्या दिवसांत ओलिताची लाईन, म्हणजे पंपाची वीज, एक आठवडा रात्रीची, मग बाप बॅटरी घेऊन दहाला निघणार, दार वाजणार, कुत्रं भुंकणार. त्यात रानडुकरांची जागल. लेकराला वाटतं गावात दिवसच चालू आहे.

म्हणून सगळं एकदम बदलायला मी सांगत नाही. चार धागे धरायचे, तेही याच क्रमानं.

पहिला धागा सकाळचा. रात्री कितीही वाजता झोपली तरी उठायची वेळ ठरलेली, सुटीच्या दिवशीसुद्धा. उठल्याबरोबर अंगणात, उन्हात. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडानं लागतं. पहिले तीन-चार दिवस लेकरू चिडचिड करतं, ते सोसावं लागतं.

दुसरा दुपारचा. त्या बाईंना विचारलं, अंगणवाडीतून आल्यावर पोरगी काय करते? तर आजीजवळ तीनला झोपते ती पाच-साडेपाचला उठते. मग अकराला झोप कुठून येणार? तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप लागते. त्यातले अडीच तास दुपारीच उरकले की रात्रीच्या हिश्शाला कमीच येतात. दुपारची झोप पाऊण तास, आणि तीनच्या आत संपलेली. इथे आजीला राजी करणं हेच मोठं काम, कारण तिलाही तेवढीच उसंत मिळते.

तिसरा उजेडाचा, आणि माझ्या मते सगळ्यात वजनदार. अमेरिकेत कोलोरॅडोच्या संशोधकांनी ३ ते ५ वर्षांच्या मुलांना झोपेआधी तासभर वेगवेगळ्या उजेडात बसवलं. मंद असो की झगझगीत, त्यांचं स्वतःचं मेलाटोनिन ७० ते ९९ टक्के उतरलं. २०२२ मध्ये हे छापून आलं. आता आपल्या खोलीतला पांढरा एलईडी बल्ब आठवा आणि जेवताना लेकराच्या नाकासमोर धरलेला मोबाइल. घरचं फुकटचं मेलाटोनिन पुसून टाकायचं आणि मग साडेचारशे रुपयांची बाटली आणायची, असा हा व्यवहार आहे. कापूस वेचणीची जवळपास दोन दिवसांची मजुरी ती.

तर जेवण झालं की मोठा बल्ब बंद, कोपऱ्यात पिवळा झिरोचा दिवा. टीव्ही बंद होत नसेल तर बाज टीव्हीकडे पाठ करून टाका. मोबाइल बापाच्या खिशात. मोबाइल नेमका घरातल्या मोठ्यांनाच सुटत नाही, हे मी माझ्या घरातही पाहते.

चौथा धागा झोपेच्या वेळेचा, आणि तो उलटा वाटतो. साडेअकराला झोपणाऱ्या लेकराला एकदम नवाला अंथरुणावर टाकू नका. ते दोन तास लोळतं, रडतं, आणि अंथरूण म्हणजे भांडणाची जागा हेच शिकतं. आधी सव्वाअकराला निजवा, म्हणजे पडल्याबरोबर झोपेल. मग दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या.

उन्हाळ्याचं मात्र वेगळं. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि स्लॅब मध्यरात्रीपर्यंत वाफ सोडतो. अंग थोडं निवल्याशिवाय झोप येत नाही. तेव्हा संध्याकाळी साध्या पाण्यानं अंघोळ, अंगणात बाज, वर मच्छरदाणी, आणि वेळेचा आग्रह थोडा सैल. कुलर असेल तर खिडकी उघडी ठेवा, नाहीतर दमट होऊन उलटंच होतं.

मधले दोन रस्ते

घरोघरी या दोन पर्यायांपेक्षा जास्त चालतं ते सर्दीचं सिरप. “अर्धा चमचा दिला की निवांत पडते” असं मला लोक उघड सांगतात. हा रस्ता गोळीहूनही वाईट. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं सिरप चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा केंद्राच्या औषध नियंत्रकांचा डिसेंबर २०२३ चा आदेश आहे. अशाच सिरपांत असणाऱ्या, गुंगी आणणाऱ्या प्रोमेथाझिननं दोन वर्षांखालच्या लेकराचा श्वास मंदावू शकतो. आणि २०२५ मध्ये पलीकडच्या छिंदवाड्याची लेकरं विषारी खोकल्याच्या सिरपनं मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या दवाखान्यांत आली होती, ते आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. सर्दी नसताना सर्दीचं औषध मागू नका, मी देणार नाही.

जायफळ उगाळून चाटवण्याला आजीचा आधार असतो. पण किती वेढे उगाळले याला माप नाही, आणि जास्त जायफळ अंगावर येतं: उलट्या, धडधड, गुंगी. तेल लावून पाठ चोळणं हा आजीचा दुसरा उपाय मला जास्त पटतो.

आधी हे बघा

काही लेकरं जागी राहतात ती वेगळ्याच कारणानं. पाय सारखे झाडणं, रात्रभर कुशी बदलणं यामागे लोहाची कमतरता असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली, म्हणजे ही शंका कुठल्याही घरात घ्यावी. आशाताई किंवा अंगणवाडीताई लोहाचं सिरप देतात, ते देवळीत धूळ खात नाही ना, बघा. रात्री ढुंगण खाजवत असेल तर जंत. बोटांच्या बेचक्यात पुरळ असेल तर खरूज, आणि मग औषध सगळ्या घराला. तोंड उघडं टाकून घोरत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. यातलं एकही मेलाटोनिननं बरं होत नाही.

गोळी कोणाला बरी

आमच्याच तालुक्यातलं एक स्वमग्न लेकरू मेलाटोनिन घेतं. बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी आहे, डोस ठरलेला आहे, आणि त्याची आई चार वर्षांत पहिल्यांदा सलग सहा तास झोपली. तिला “घडी बसवा” एवढंच सांगून परत पाठवलं असतं तर तो अन्याय झाला असता. युरोपातही २०१८ मध्ये २ ते १८ वर्षांच्या स्वमग्न मुलांसाठी मेलाटोनिनच्या एका औषधाला मान्यता मिळाली, तीही आधी झोपेच्या सवयी सुधारून पुरेसा फरक पडला नसेल तरच. अशी शंका असेल तर बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं तेव्हा लेकरू दाखवा. ते जिल्हा रुग्णालयात पाठवतात.

डॉक्टरांनी लिहून दिलंच, तर सुरुवात बहुधा अर्ध्या ते एक मिलिग्रॅमनं, झोपेच्या अर्धा ते दीड तास आधी. दुकानातल्या गोळ्या मात्र सहसा ३, ५ नाहीतर १० मिलिग्रॅमच्या. तीनच्या गोळीचे सुरीनं सहा तुकडे करून नेमका डोस निघत नाही, आणि हळूहळू सुटणारी गोळी तर तोडायचीच नसते. म्हणून मोजून देता येईल असं द्रव औषध लिहून मागा. सकाळी गुंगी, डोकेदुखी, अंथरूण ओलं होणं, भलती स्वप्नं असं काही दिसलं तर डॉक्टरांना सांगा. फिट्सचं औषध चालू असेल तर ते आधीच सांगायचं. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला डॉक्टरांशिवाय अजिबात नाही.

त्या बाई फेब्रुवारीत पुन्हा आल्या, लोहाचं सिरप संपलं म्हणून. पोरगी आता पावणेदहाला झोपते, लाईनचा आठवडा रात्रीचा असला की दहा-सव्वादहा होतात. पण भावानं न विचारताच बाटली पाठवून दिली होती, आणि ती पिठाच्या डब्यावर तशीच पडून.

“सासरे म्हणते मीच खातो, मले झोप येत नाही. देऊ काय?”

सासऱ्यांना हृदयाचा त्रास, रक्त पातळ करायची गोळी चालू. मेलाटोनिन त्या गोळीशी जुळवून घेत नाही. म्हटलं, आधी त्यांची चिठ्ठी घेऊन या, आणि तोवर बाटली पिठाच्या डब्यावरून काढून कुलपात टाका.