ढोबळीच्या टिकाऊपणासाठी कॅल्शियम: ठिबकमधून की फवारणीतून?

पॉलिहाऊसमधली रंगीत ढोबळी मिरची काढणीनंतर लवकर मऊ पडत असेल, तर कॅल्शियम नायट्रेट ठिबकमधून द्यावं की कॅल्शियम क्लोराईड फवारावं? कॅल्शियम पेशीभित्तिकेतलं पेक्टिन (पेशींना जोडून ठेवणारा चिकट पदार्थ) बांधून ठेवतं, म्हणून फळ कडक राहतं.

ठिबकमधलं कॅल्शियम पाण्यासोबत चढतं, पण बहुतेक पानांकडेच जातं. त्यामुळे फळधारणेपासून ते नियमित हवं. सल्फेट-फॉस्फेट खतांची टाकी वेगळी ठेवा, नाहीतर साका बसून ड्रिपर चोंदतात. सोबत नत्रही जातं. तेवढं इतर खतांतून कमी करा, जादा नत्रानं फळ नरम पडतं.

फवारणीत खर्च कमी, पण थेंब फळावरच पडायला हवा. पानातलं कॅल्शियम फळाकडे वळत नाही. लिटरला ४ ग्रॅम, संध्याकाळी. भर उन्हात पानांच्या कडा करपतात.

मुळं निरोगी असतील तर ठिबकच. दमट, ढगाळ हवेत किंवा फळाच्या टोकाशी डाग दिसू लागल्यास फवारणीची जोड द्या.