नाणी आमची, वेबसाइट मात्र त्याच्या नावावर

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी नागपूरहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. "तुमच्याकडून घेतलेला राणीछाप रुपया खोटा आहे हो. पेन्शनीतून बाजूला काढून नाणी घेतो मी. असं करायला नको होतं तुम्ही." आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्तच लागलं. मी त्यांना कधीच काही विकलं नव्हतं. पण ज्या वेबसाइटवरून त्यांनी नाणं घेतलं होतं, तिच्यावर आमचं आडनाव होतं, माझा फोन नंबर होता आणि अण्णांचा कंडक्टरच्या खाकी गणवेशातला फोटो होता.

हे कसं घडलं ते सविस्तर लिहितोय. जुनी नाणी, नोटा, पोस्टाची तिकिटं ऑनलाइन विकायच्या विचारात असलेले बरेच जण माझ्या ओळखीत आहेत, आणि मी जे केलं तेच त्यातले बहुतेक जण करायला निघालेत.

अण्णा म्हणजे माझे वडील. सातारा डेपोत 36 वर्षं कंडक्टर होते. नाण्यांचा नाद त्यांना त्या चामड्याच्या पिशवीनं लावला. १९६९ ची गांधी शताब्दीची नाणी, कमळाचे पितळी २० पैसे, १९७३ चे 'अधिक धान्य पिकवा'वाले ५० पैसे असं काही हाताला लागलं की रात्री हिशेब देताना तेवढेच पैसे स्वतःच्या खिशातून पिशवीत टाकायचे आणि ते नाणं घरी आणायचे. सालाखाली हिरा असेल तर मुंबईची टाकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच खूण नसेल तर कोलकाता, हे मला पाढ्यांबरोबर पाठ झालं. पुढे मोडीच्या दुकानांतून तांब्याच्या भावानं शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, आल्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. सराफाकडे आटवायला आलेले चांदीचे रुपये अण्णा चांदीच्या भावाहून थोडे जास्त देऊन सोडवून आणायचे.

आता त्यांचं वय झालं. जास्तीची नाणी, म्हणजे एकाच सालाची दोन-दोन, तीन-तीन असलेली, ज्यांना हौस आहे त्यांच्याकडे जावीत असं त्यांच्याच मनात आलं. मी म्हटलं, वेबसाइट काढू.

एका नातलगाच्या लग्नात एक मुलगा भेटला. पुण्यात वेबसाइट बनवायचं काम करायचा. घरी आला, अण्णांच्या पाया पडला, "काका, तुमचा संग्रह जगाला दिसला पाहिजे," म्हणाला. २५,००० रुपयांत सगळं, निम्मे आधी. मी बिल मागितलं नाही. करारही केला नाही. "डोमेन, होस्टिंग सगळं मी बघतो दादा, तुम्ही फक्त नाण्यांचे फोटो द्या," एवढं त्यानं सांगितलं आणि मला ते सोयीचं वाटलं.

होस्टिंग म्हणजे वेबसाइट ठेवायची जागा, डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता. तो ज्याच्या नावावर आणि ज्याच्या ईमेलवर घेतलेला असतो, त्याचा असतो. दुकानाचा गाळा कुणाच्या नावावर आहे हे आपण पैसे मोजायच्या आधी दहादा विचारतो. इथे मी ते एकदाही विचारलं नाही. थोडक्या पैशांत मिळणारी ही गोष्ट मी स्वतः माझ्या ईमेलवर घेतली असती तर पुढचं निम्मं घडलंच नसतं.

दुसरी गोष्ट पैशांची. पेमेंट गेटवे, म्हणजे वेबसाइटवर गिऱ्हाइकांचे पैसे घेणारी सेवा, चालू करायला आपला पॅन, बँक खातं, कागदपत्रं द्यावी लागतात, तपासणी होते, वेळ जातो. तो म्हणाला, "दादा, माझं खातं तयार आहे. तोवर गिऱ्हाइकांचे पैसे त्यावर घेऊ, दर शनिवारी मी तुम्हाला पाठवतो." गेटवेचं खातं ज्या धंद्यासाठी घेतलं त्याच धंद्यासाठी वापरायचं असतं, दुसऱ्याच्या विक्रीचे पैसे त्यात घ्यायचे नसतात, हे मला नंतर कळलं. पहिल्या शनिवारी ३,४०० आले. दुसऱ्या शनिवारी ५,१५०. तिसऱ्या शनिवारी ७,८००, तेही सकाळी नऊच्या आत. इतका चोख माणूस म्हटल्यावर मी निर्धास्त झालो. ती तीन शनिवारची रक्कम त्यानं माझा विश्वास विकत घ्यायला खर्च केली, असं आज मला वाटतं.

मी मात्र जीव तोडून काम करत होतो. रोज सकाळी पूर्वेच्या खिडकीत काळ्या मखमलीवर एकेक नाणं ठेवायचं, दोन्ही बाजूंचे फोटो, कडेचा फोटो, शेजारी वजनाची चिठ्ठी. २१२ नाण्यांचे फोटो काढले. पहिल्या पानावर अण्णांचा लाडका १८६२ चा रुपया लावला. व्हिक्टोरिया राणीच्या हनुवटीखाली बारीकशी खोच आहे त्याच्यावर. १८६२ हे साल कोरलेले रुपये त्यानंतरही दहा-बारा वर्षं पाडले जात होते. कोणता रुपया नक्की कधीचा, ते मुंबईच्या नाण्यांवर सालाजवळच्या ठिपक्यांवरून ओळखतात, म्हणून संग्राहक भिंग लावून ठिपके मोजतात आणि त्यावर किंमत ठरते. ते ठिपके स्वच्छ दिसावेत म्हणून या एका नाण्यासाठी मी चार सकाळी घालवल्या. हे नाणं विकायचं नाही, फक्त शोभेला लावायचं, हे त्याला दोनदा बजावलं होतं.

डिसेंबरात विक्री वाढली. ११ पार्सलं स्पीड पोस्टानं गेली, त्यांचे ६४,७५० रुपये त्याच्याकडे जमले. शनिवारी पैसे आले नाहीत. "बँकेनं अडवलेत दादा, सोमवारी होतील." पुढच्या शनिवारी, "आजी दवाखान्यात आहे." मी पैशांचं सोडून आजीची चौकशी करत बसलो. तिसऱ्या आठवड्यात फोन लागेनासा झाला. वेबसाइट उघडून आत जायला गेलो तर पासवर्ड चुकीचा. नवा पासवर्ड मागितला तर तो त्याच्या ईमेलवर गेला. वेबसाइट बाहेरून मात्र जशीच्या तशी दिसत होती, चालू होती.

चालूच होती, हे मला नागपूरच्या फोनपर्यंत समजलंच नाही. मला वाटलं होतं की पैसे बुडाले आणि विषय संपला. पण त्यानं माझ्यानंतर दुकान चालूच ठेवलं होतं. फोटो माझे, वर्णनं माझी, अण्णांची गोष्ट खरी, आणि पार्सलात घालायला बाजारात किलोवर मिळतात तसली नक्कल केलेली नाणी. 'विकायचा नाही' म्हणून सांगितलेल्या त्या १८६२ च्या रुपयाला त्यानं किंमत लावली होती आणि तो एकटा रुपया किमान सहा जणांना विकला होता. सहा जणांचे फोन मला आले म्हणून सहा म्हणतोय.

नागपूरच्या सरांना मी म्हटलं, "सर, ते नाणं मला पाठवा, मी पाहतो." त्यांनी शंका न घेता पाठवलं. सराफाच्या काट्यावर ठेवलं तर १०.१ ग्रॅम. ब्रिटिशांनी रुपयाचं वजन एक तोळा ठरवलं होतं, म्हणजे ११.६६ ग्रॅम. झिजून थोडं कमी होतं, पण न झिजलेल्या दिसणाऱ्या नाण्यात दीड ग्रॅम कमी असेल तर तिथेच थांबायचं. पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे होते, ओतकामात हवा अडकली की पडतात तसे. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या. कडेच्या खाचांमधून साच्याच्या दोन भागांच्या जोडाची रेघ गेलेली, ती बोटाला लागत होती. खरा रुपया ठप्प्यानं पाडलेला असतो, ओतलेला नसतो, त्याला असा जोड असायचं कारण नाही. अण्णांना आता नीट दिसत नाही. त्यांनी तो अंगठ्यानं उडवून फरशीवर पडू दिला. थप्प असा आवाज झाला. "वाजत नाही," एवढंच म्हणाले आणि आत निघून गेले. त्यानंतर दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. आयुष्यभर पिशवीचा हिशेब चोख दिलेल्या माणसाचा फोटो या थप्प वाजणाऱ्या रुपयाशेजारी लावला गेला होता.

पोलिसांत आणि cybercrime या सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर जायच्याऐवजी आधी मी नातलगांकडे गेलो, ही माझी मोठी चूक. नात्याची शरम आडवी आली. पैसे गेल्याचं लक्षात आल्याबरोबर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करायला हवा होता. सुरुवातीच्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, मी तीन आठवडे उशिरा केला. ठाण्यात अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वेबसाइट तुमची आहे याचा पुरावा काय?" माझ्याकडे करार नव्हता, बिल नव्हतं, डोमेनची पावती नव्हती. व्हॉट्सॲपवरचं बोलणं, यूपीआयनं पाठवलेल्या पैशांचे व्यवहार क्रमांक आणि पोस्टाच्या पावत्या, एवढंच होतं. तक्रार नोंदली गेली. तपास चालू आहे.

उपयोगी पडले ते फोटो. कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली मी ठेवल्या होत्या, त्यांत तारीख, वेळ सगळं असतं. फोटो काढणाऱ्याचा त्यावर हक्क असतो, त्यामुळे जिथे वेबसाइट ठेवली होती त्या होस्टिंग कंपनीला मी कॉपीराइटची तक्रार केली, सोबत २० मूळ फाइली आणि त्यांची वेबसाइटवरची पानं जोडली. नऊ दिवसांनी वेबसाइट बंद झाली. ज्यांनी ज्यांनी फोन केला त्यांना मी लेखी कळवलं की हे नाणं आमचं नाही, आणि तक्रारीचा क्रमांक दिला, म्हणजे त्यांनाही आपापली तक्रार करता येईल.

मग वेगळाच त्रास सुरू झाला. मदत मागायला मी ठिकठिकाणी लिहिलं, त्यावरून माझा नंबर आणखी पसरला आणि रिझर्व्ह बँकेतून बोलतोय सांगणारे फोन येऊ लागले. तुमचा संग्रह ४० लाखांना घेतो, आधी नोंदणीचे २,१०० भरा. अशा ऑफरना फसू नका, बँक असल्या व्यवहारात नसते आणि तिच्या नावानं कमिशन घ्यायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलेलं आहे. वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं नाणं लाखाला जातं असं ज्यांना कुणी सांगितलं असेल त्यांनी ते नाणं खुशाल वाण्याला द्यावं. 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' लिहिलेली रामदरबाराची नाणी तर कंपनीनं पाडलेलीच नाहीत, ती मागाहून बनवलेली आहेत.

वेबसाइट काढायचीच असेल तर डोमेन, होस्टिंग आणि गेटवे तिन्ही स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या पॅनवर घ्या. बनवणाऱ्याला वेगळं लॉगिन द्या, जे काम संपल्यावर तुम्हाला काढून टाकता येईल. फोटोवर नाण्याला चिकटूनच आपलं नाव येऊ द्या, कोपऱ्यात घातलेलं नाव कापून टाकतात. मूळ फाइल कुणालाही देऊ नका. आणि आधी कायदा विचारून घ्या, मी घेतला नव्हता. १९७२ च्या कायद्यानं १०० वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. ते परदेशी पाठवता येत नाही आणि असा विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो. त्या मुलानं वेबसाइटवर 'जगभर पाठवतो' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं आणि मी ते कौतुकानं वाचलं होतं.

नागपूरच्या सरांना मी त्यांचे पैसे माझ्याकडून पाठवले. ते नको म्हणत होते, पण अण्णांनी ऐकलं नाही.

गेल्या महिन्यात माझे तेच फोटो दुसऱ्या नावाच्या वेबसाइटवर पुन्हा दिसले. काळी मखमल, डावीकडून येणारा सकाळचा उजेड, शेजारी निळ्या शाईत लिहिलेली वजनाची चिठ्ठी. १८६२ चा रुपया आहे, राणीच्या हनुवटीखाली बारीक खोच आहे. तो कुठेही विकायला दिसला तर घेऊ नका. तो रुपया आमच्या घरी अण्णांच्या कपाटात आहे.