मूळ आवाज, खाली सबटायटल्स : आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीत केबल बंद करून दोन ओटीटी सेवांची वार्षिक वर्गणी भरली, तेव्हा घरात दोन नियम ठरले. मालिका मूळ भाषेतच बघायची, डबिंग लावायचे नाही, हा पहिला. आणि रात्रीच्या जेवणानंतर एकच भाग बघून टीव्ही बंद करायचा, हा दुसरा. दुसरा नियम आठवडाभरातच मोडला. पहिला मात्र आठ महिने टिकला आणि त्यामुळे मालिकांविषयीची माझी मते बरीच बदलली, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात 'पाताल लोक'च्या दुसऱ्या सीझनने झाली. जानेवारी २०२५ मध्ये आलेली ही मालिका आम्ही हिंदी म्हणून लावली होती. पण कथा दिल्लीहून नागालँडला पोहोचते आणि कितीतरी संवाद नागामीजमध्ये सुरू होतात. असमियातून घडलेली ही बोली नागालँडमधल्या वेगवेगळ्या जमाती एकमेकांशी बोलताना वापरतात. जयदीप अहलावत यांचा हाथीराम चौधरी हा दिल्लीत यमुनेपलीकडच्या, म्हणजे जमनापारच्या, पोलिस ठाण्यातला हवालदिल अधिकारी. लोक त्याच्यासमोर नागामीज बोलू लागतात, तेव्हा सबटायटल्स आपल्याला असतात, त्याला नसतात. खोलीत काय चालले आहे ते आपल्याला कळते आणि तो मात्र समोरच्यांचे चेहरे वाचत बसतो. दिल्लीच्या माणसाचे परकेपण सांगायला लेखकांना याहून वेगळा संवाद लिहावाच लागलेला नाही. हेच सगळे हिंदीतून ऐकवले असते, तर उरला असता तो फक्त डोंगराळ भागातला आणखी एक तपास. दिग्दर्शन अविनाश अरुण यांचे आहे. त्यांचा 'किल्ला' हा मराठी चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना धुके आणि गप्प बसलेली माणसे ओळखीची वाटतील.

ही मालिका घडवणारे सुदीप शर्मा 'कोहरा'च्या निर्मात्यांपैकीही एक आहेत, हे कळल्यावर आम्ही मागे जाऊन २०२३ मधली ती सहा भागांची मालिका काढली. लग्न दोन दिवसांवर आले असताना परदेशातून आलेल्या नवऱ्या मुलाचा मृतदेह शेतात सापडतो आणि तपास बलबीर सिंग व गरुंडी या दोन पोलिसांकडे येतो. मालिका पंजाबीत आहे. केवळ कुतूहल म्हणून मी एका चौकशीच्या प्रसंगाला पाच मिनिटे हिंदी आवाज लावून पाहिला (नियमभंग मान्य आहे). सुविंदर विकी यांचा बलबीर मूळ आवाजात थकलेला, शब्द तोंडातल्या तोंडात ठेवणारा माणूस आहे. डबिंगमध्ये तो कोणत्याही मालिकेतला खडसावणारा इन्स्पेक्टर झाला. तिसऱ्या भागापासून तर निम्मे संवाद मला न वाचताच समजू लागले.

या कसोटीवर 'पंचायत' मला थोडी उणी वाटते. या हिंदी मालिकेतले फुलेरा गाव उत्तर प्रदेशच्या बलिया जिल्ह्यातले, म्हणजे भोजपुरी पट्ट्यातले. प्रत्यक्षात मात्र गावकरी शहरी प्रेक्षकाला कुठेही अडणार नाही अशी हिंदी बोलतात. विनोदी मालिकेला एवढी सवलत द्यावी, असे मी बरेच दिवस म्हणत होतो. पण २०२५ च्या चौथ्या सीझनमध्ये लौकी (दुधी) विरुद्ध कुकर अशा चिन्हांची गावची निवडणूकच इतकी ताणली आहे की, निदान बोली तरी अस्सल हवी होती, असे वाटून गेले.

मराठीत 'मानवत मर्डर्स' पाहिली. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७० च्या दशकात झालेल्या हत्या आणि पोलिस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी केलेला तपास हा तिचा विषय. कुलकर्णींची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली आहे. काळ उत्तम उभा केला आहे आणि मकरंद अनासपुरे यांना असे थंड रूप क्वचितच मिळाले असेल. मला मालिका आवडली. माझ्या पत्नीचे माहेर त्याच जिल्ह्यातल्या जिंतूरचे. तिला 'काय करायलास' म्हणणारा माणूस पुढच्याच वाक्यात पुण्याकडे सरकल्यासारखा वाटला की ती नुसती माझ्याकडे बघायची. मला एरवी ते जाणवलेही नसते.

नियमाची खरी परीक्षा 'अ‍ॅडॉलसन्स'ने घेतली. वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आरोप असलेल्या तेरा वर्षांच्या मुलाची ही ब्रिटिश मालिका चारच भागांची आहे आणि प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये चित्रित केला आहे. नजर सबटायटल्सवर गेली की तेवढ्यात कॅमेरा पुढे निघून जातो, आणि यॉर्कशायरच्या उच्चारांमुळे वाचल्याशिवाय गत्यंतर नसते. आईला वाचता वाचता चित्र सुटते, म्हणून मी तिच्याशेजारी बसून हळू आवाजात मराठीत सांगत होतो. तिसऱ्या भागात मानसशास्त्रज्ञ त्या मुलासाठी हॉट चॉकलेट आणि अर्धे सँडविच घेऊन येते आणि पुढे जवळजवळ सगळा भाग ती दोघेच बोलत असतात. मुलगा पहिल्यांदा ओरडला तेव्हा मी सांगायचे थांबलो, आणि आईनेही 'काय म्हणाला रे?' असे विचारले नाही. ओवेन कूपर या मुलाला पंधराव्या वर्षी टीव्हीसाठीचे एमी पारितोषिक मिळाले, यात मला काहीच नवल वाटले नाही.

आता तक्रारी. दोनपैकी एका सेवेत जाहिरात संपली की सबटायटल्स तीन-चार सेकंद मागे पडतात. मदत केंद्राने ॲप काढून पुन्हा टाकायला सांगितले, तसे दोनदा केले, फरक पडला नाही. त्याच सेवेत आपण मूळ भाषा निवडली तरी पुढच्या भागाला आवाज पुन्हा हिंदीवर जातो आणि रिमोट शोधेपर्यंत पहिले दोन संवाद वाया जातात. आम्ही पाहिलेल्या एकाही परभाषिक मालिकेला मराठी सबटायटल्स नव्हती. हाथीरामच्या हरयाणवी वळणाच्या बोलण्याचे इंग्रजी सबटायटल्समध्ये गुळगुळीत भाषांतर वाचावे लागते, ते वेगळेच.

दिवाळीला वर्गणी संपेल, तेव्हा यातली एकच सेवा पुढे चालू ठेवणार आहे. एकदा निवडलेली भाषा जिच्यात तशीच राहते, ती. आईने मात्र वाचलेल्या पैशांतून केबल परत घ्यायची मागणी केली आहे. तिथे काही वाचावे लागत नाही, असे तिचे म्हणणे आहे, आणि मला अजून त्यावर उत्तर सुचलेले नाही.