धाकटीची आग, थोरलीचं पांढरं: घरी बघायचं की दवाखाना?

मे महिना, टँकर आठवड्यातून एकदा, आणि सहा वर्षांची लेक शू करताना रडते. बघावं तर जागा लालबुंद. घरात चौदा वर्षांच्या थोरलीसाठी आणलेली बुरशीच्या खाजेवरच्या मलमाची ट्यूब असते. आईचा हात आधी तिच्याकडंच जातो. तिथंच चुकतं.

पाळी यायच्या आधी तिथली कातडी पातळ असते, जंतूंना अडवणारा आंबटपणा नसतो, शीची जागा लागूनच. त्यामुळं साबण, घाम, नायलॉनची चड्डी, नीट न धुणं एवढंही आग व्हायला पुरतं. लंगोट सुटलेल्या लहान लेकराला बुरशी क्वचितच होते, म्हणून ती ट्यूब बहुतेकदा वायाच. डेटॉल, तुरटी, साबण बंद करा. घमेल्यात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसवा, टिपून कोरडं करा, सुती सैल चड्डी घाला. शी पुढून मागं धुवायची. पाणी कमी आहे? तांब्याभर साधं पाणी पुरतं. रात्री उठून मागं खाजवत असेल तर जंत. डॉक्टर अलबेंडाझोल देतात, दोन आठवड्यांनी परत, आणि घरातल्या सगळ्यांना.

थोरलीचं गणित वेगळं. पाळी सुरू व्हायच्या सहा महिने-वर्षभर आधीपासून पांढरं जाऊ लागतं. खाज नाही, घाण वास नाही, तर तो आजार नाही. उष्णता म्हणून सब्जा पाजणाऱ्या आज्या पाजोत बापड्या. दह्यासारखं घट्ट आणि खाज असेल तर बहुधा बुरशी. पातळ, राखाडी, माशाच्या वासाचं असेल तर जिवाणू. दोन्हींची औषधं वेगळी, म्हणून मेडिकलवाल्याला अंदाज बांधायला लावू नका. संबंधातून होणारे संसर्गही या वयात असू शकतात. डॉक्टरांना तिच्याशी एकटीशी बोलू द्या.

धाकटीला नुसती लाली असेल तर आठवडाभर घरी बघायला हरकत नाही. रक्त, पू, ताप, पोटदुखी असेल तर त्याच दिवशी दवाखाना. घाण वास येत असेल तर आत मणी किंवा कापूस अडकलेला असू शकतो. खाजेसोबत तहान आणि सारखी शू असेल तर साखर तपासा.

कुणी हात लावला असं लेकरू म्हणालं, तर विश्वास ठेवा. अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, चाइल्डलाइनला, म्हणजे लेकरांच्या मदतीच्या नंबरला, १०९८ वर फोन करा. उपचारासाठी आधी पोलिसांत तक्रार लागत नाही.

तपासणीत ‘पोरीचं काही बिघडेल’ म्हणून आया मागं सरतात. लहान लेकराला आईच्या मांडीवर घेऊन बहुतेक वेळा नुसतं बाहेरून बघतात.