मुंबईचे समुद्रपक्षी: किनाऱ्यावरून पाहावेत की लाँचमधून?

समुद्रपक्षी म्हटलं की बोट हवीच, असं आपण धरून चालतो. मुंबईत आधी महिना बघावा, मग बोटीचं.

डिसेंबर-जानेवारीत कुरव (सीगल) बघायचे असतील तर लाँचला तोड नाही. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचमागे थवे लागतात. तपकिरी डोक्याचा कुरव इतका जवळ येतो की त्याचा फिकट डोळा आणि पंखाच्या काळ्या टोकातले पांढरे ठिपके दुर्बिणीशिवाय दिसतात. हे सगळे येतात गाठियासाठी. तुम्ही टाकू नका; शेजारचा टाकतोच. सकाळची फेरी घ्या आणि मागच्या बाजूला उभे राहा, म्हणजे ऊन पाठीशी आणि पक्षी समोर. टेलिस्कोप घरीच ठेवा, हलत्या लाँचवर तो निव्वळ ओझं.

पण ओळख पक्की करायची असेल तर मी हिवाळ्यातही किनाराच निवडेन. अक्सा किंवा जुहूला, ओहोटी नुकती लागलेली असताना, कुरव आणि सुरय (टर्न) ओल्या वाळूवर शेजारी शेजारी बसतात. पलासचा कुरव इतरांपेक्षा केवढा थोराड आहे ते तेव्हाच कळतं. पूर्ण ओहोटीला पाणी लांब जातं आणि पक्षीही. आणि संध्याकाळी जाऊ नका: मावळतीचं ऊन डोळ्यांवर येतं, पक्षी नुसते काळे दिसतात.

आता खरा प्रश्न स्टॉर्म पेट्रेल, शिअरवॉटर, बूबी अशा भर समुद्रातल्या पक्ष्यांचा. त्यांच्यासाठी मुंबईहून खासगी बोट ठरवणार असाल तर पैसे वाचवा. इथला उथळ समुद्र फार लांबवर पसरलेला आहे. बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र सुमारे 160 किलोमीटर आत, तरी तिथं खोली जेमतेम 75 मीटर. दिवसभर बोट हाकलीत तरी हे पक्षी जिथं असतात ते खोल पाणी गाठता येणार नाही. केरळात उथळ समुद्राची कड बरीच जवळ आहे, तिथं बोटीचा खर्च पटतो.

शिवाय या पक्ष्यांचा इथला हंगाम पावसाळ्याचा. तेव्हा गेटवेची लाँच खराब हवेत बंद, मासेमारीही 1 जूनपासून बंद. भाऊच्या धक्क्याहून रो-रो (गाड्या नेणारी फेरीबोट) सुटते, तीही हवामान बघून आणि जाते मांडव्यापर्यंतच. नैऋत्येचा वारा दोन-तीन दिवस जोरात वाहिला की हेच पक्षी किनाऱ्याकडे ढकलले जातात. तेव्हा टेलिस्कोप घेऊन वांद्र्याच्या बँडस्टँडला आडोसा शोधायचा आणि लाटांवर नजर ठेवायची. बरेचदा तासन्‌तास काहीच दिसत नाही, हे आधीच सांगतो. उधाणाच्या वेळी खडकांवर उतरायचं नाही, अक्साच्या पाण्यात तर मुळीच नाही.

वाळूवर दमून पडलेली बूबी किंवा सुरय सापडली तर तिला पुन्हा पाण्यात सोडू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, पाणी-मासे भरवू नका आणि वन विभागाला 1926 वर फोन करा.