रात्री साडेनऊला लाईट कापणार होते

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सव्वासातला मला मेसेज आला. 'प्रिय ग्राहक, मागील महिन्याचे बिल अपडेट न झाल्याने आज रात्री 9.30 वाजता आपला वीजपुरवठा खंडित केला जाईल. ताबडतोब वीज अधिकाऱ्यांशी संपर्क साधा.' खाली एक दहा आकडी मोबाईल नंबर.

बिल मी आठवड्यापूर्वीच भरलं होतं, पावती फोनमध्येच होती. तरीही मी फोन लावला, कारण आतल्या खोलीत सासूबाई ऑक्सिजनच्या मशीनवर होत्या. मशीन लाईटवर चालतं. आमचा इन्व्हर्टर त्याच्यावर तासभरसुद्धा टिकत नाही. मिस्टर सेकंड शिफ्टला गेलेले. रात्री साडेनऊनंतर एकटीनं सिलिंडर कुठून आणायचा, एवढाच विचार डोक्यात होता.

तो माणूस फार मऊ बोलत होता. "ताई, तुमचं बिल भरलेलं दिसतंय मला. फक्त सिस्टिमला अपडेट झालेलं नाही. दहा रुपये भरा, लगेच होईल." मशीनचं मीच त्याला सांगितलं, अगदी काकुळतीला येऊन. त्यावर तो म्हणाला, "मग तर उशीर करूच नका. एकदा कनेक्शन कापलं की सोमवारशिवाय जोडता येत नाही." हे वाक्य मला अजून रात्री आठवतं. घरात आजारी माणूस आहे हे कळल्यावर त्यानं तेच धरून मला आणखी घाई केली.

त्यानं एक अ‍ॅप घ्यायला लावलं, त्यावर आलेला आकडा वाचून दाखवायला सांगितला आणि परवानगी विचारेल तिथं 'अलाऊ' दाबायला सांगितलं. आपली स्क्रीन दुसऱ्याला जशीच्या तशी दाखवणारं ते अ‍ॅप. अशी अ‍ॅप खोटी नसतात, कॉम्प्युटर दुरुस्त करणारे रोज वापरतात, म्हणून फोननंही काही इशारा दिला नाही. मग लिंक आली. पानावर महावितरणचं चिन्ह, खाली डेबिट कार्डची माहिती आणि रक्कम 10 रुपये. मी कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे टाकले. 'व्यवहार अयशस्वी' आलं. "दुसरं कार्ड आहे का ताई?" मी मिस्टरांचं कार्ड काढलं. त्या खात्यालाही माझाच नंबर जोडलेला आहे.

ओटीपी मी कुणालाही सांगितला नाही. सगळीकडे हेच वाचलेलं, म्हणून ते मी कटाक्षानं पाळलं. पण ओटीपीचा मेसेज माझ्या स्क्रीनवर झळकला की त्याच क्षणी तो त्यालाही दिसत होता. 49,999, मग 24,500, मग 12,900. तिसरा मेसेज आला तेव्हा मी फोनच बंद केला. एकूण 87,399 रुपये गेले.

शेजारच्या मुलानं लगेच त्याच्या फोनवरून 1930 लावला, म्हणून थोडं वाचलं. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. खातं, वेळ, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक विचारतात, नंतर cybercrime.gov.in वर तक्रार भरावी लागते. आमचे 24,500 पुढं सरकायच्या आत गोठवले गेले. बाकीचे तोवर तीन खाती पार करून गेले होते. बँकेलाही त्याच वेळी कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, चूक आपली असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील त्यांची जबाबदारी बँकेची असते. म्हणून कळवल्याची नेमकी वेळ आपल्याकडे हवी.

सोमवारी मी महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी मला पाणी दिलं आणि नीट समजावलं. थकबाकी असली तरी वीज कायदा 2003च्या कलम 56 प्रमाणे किमान 15 दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय कनेक्शन तोडता येत नाही. 'आज रात्री' असं कुणी सांगितलं की तिथंच ओळखायचं. महावितरणचे मेसेज VM-MSEDCL अशासारख्या नावानं येतात, कुणाच्या मोबाईल नंबरवरून येत नाहीत. माझ्या मेसेजमध्ये 12 आकडी ग्राहक क्रमांकही नव्हता. मी तो शोधलाच नाही, नुसती वेळ वाचली. शंका आली तर मेसेजमधला नंबर सोडून 1912 हा महावितरणचा हेल्पलाइन नंबर लावायचा, तो शनिवारी रात्रीही लागतो. शनिवारची संध्याकाळ ते लोक मुद्दाम निवडत असावेत असं मला वाटतं, कारण तेव्हा ऑफिस बंद, बँक बंद, घरात विचारायला कुणी नाही.

ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, लहान बाळ आहे, फ्रीजमध्ये इन्सुलिन आहे, त्यांना मी हे जास्त कळकळीनं सांगतेय. लाईट जाणार म्हटलं की आपल्याला बाकी काही सुचत नाही. एखादा चार्जिंगचा दिवा आणि ओळखीच्या सिलिंडरवाल्याचा नंबर हाताशी असता तर कदाचित मी तो फोन लावलाच नसता. आता दोन्ही आहे.

आईंना आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण भिंतीपलीकडून त्यांनी ऐकलं. "माझ्या मशीनपायी गेले गं तुझे पैसे," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर दोन-तीन दिवस दुपारी मी स्वयंपाकघरात गेले की मशीनचा घुरघुर आवाज थांबायचा. लाईट वाचवायला त्या हळूच बटण बंद करत होत्या. मी जाऊन पुन्हा चालू करायचे, नळी नाकाला नीट लावायचे आणि थोडा वेळ तिथंच बसायचे.