फूजीचं बर्फ आणि आमचे चार लाख एकोणनव्वद हजार

बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसानं जपानच्या सहलीच्या नावाखाली असं फसावं, हे लिहायला जड जातंय. पण इथे इंदूरला आमच्या ओळखीतली आणखी दोन घरं सहली काढणाऱ्या त्याच मुलाकडे पैसे भरायच्या बेतात होती, म्हणून लिहितोय.

आम्ही दोघं आणि धाकटा भाऊ-वहिनी. रविवारी जानापावची टेकडी चढून खाली पोहे-जिलेबी खाणारी माणसं. २०२४ च्या जूनमध्ये हा मुलगा घरी आला. गणेशोत्सवात मंडपात राबणारा, आपल्यातलाच, आल्या आल्या बायकोच्या पाया पडणारा. मोबाइलवर फोटो दाखवला: बर्फाची पांढरीशुभ्र टोपी घातलेला जपानचा फूजी पर्वत, खाली तळं. "काका, दिवाळीत माथ्यावर! बर्फात लक्ष्मीपूजन!" वहिनी म्हणाली, "अरे, पण तो ज्वालामुखी ना? फुटला तर?" तो हसून म्हणाला, "काकू, १७०७ नंतर फुटलेला नाही." चौघांत मिळून आम्ही हा एकच प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर मात्र त्यानं खरं दिलं.

सगळ्यात मोठी थाप त्या फोटोतच होती. फूजी ३७७६ मीटर उंच. आपल्यासारख्यांसाठी त्याच्या वाटा जुलैत उघडतात आणि १० सप्टेंबरला बंद होतात. त्या दिवसांत माथ्यावर फोटोतली ती टोपी नसते, नुसती काळी-तांबडी राख आणि दगड. बर्फ पडायला लागतं तेव्हा वाटेवरच्या मुक्कामाच्या झोपड्यांना कुलपं लागलेली असतात. म्हणजे बर्फ हवं असेल तर खालून बघायचं आणि माथा हवा असेल तर उन्हाळ्यात चढायचं. आमच्या हातात मात्र चढणीच्या आठव्या टप्प्यावरच्या झोपडीचं २ नोव्हेंबरचं व्हाउचर होतं, शिक्क्यासकट.

खरी बातमी घेऊन खोटं कसं विकावं, हे त्याच्याकडून शिकावं. त्या वर्षी जपानमध्ये फूजीच्या योशिदा नावाच्या वाटेवर फाटक बसवलं, रोज ४००० जणांची मर्यादा घातली आणि माणशी २००० येन लावले. हे पेपरातही आलं होतं. तो म्हणाला, "काका, आता रोज चारच हजार सोडणार. आज सीट लॉक नाही केली तर गेली." मर्यादा होती ती उन्हाळ्याच्या हंगामापुरती. आम्ही त्याच संध्याकाळी पैसे पाठवले, तेही कंपनीच्या नव्हे, त्याच्या स्वतःच्या खात्यात.

हिशोब असा. माणशी २,१०,०००, त्यातले निम्मे आगाऊ, म्हणजे चौघांचे ४,२०,०००. त्यावर ५ टक्के टीसीएस (सहल विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारात भरायचा कर), २१,०००. व्हिसाचे माणशी १२,०००. एकूण ४,८९,०००. टीसीएसचं नाव ऐकून मी उलट निर्धास्त झालो. कर घेतोय म्हणजे माणूस सरळ. पण परदेश सहलीवर घेतलेला टीसीएस आपल्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या आपल्या नावावरच्या कराच्या पत्रकात, दिसायला हवा होता. ऑक्टोबरात पाहिलं, एक रुपया नाही. आणि जपान तेव्हा भारतीयांकडून व्हिसाचं शुल्क काही शेकडे रुपयेच घेत होतं. व्हिसाला बँक स्टेटमेंट, आयकर रिटर्न लागतात. त्यानं ती कधी मागितलीच नाहीत. आयुष्यभर लोकांकडून कागद मागितले मी, आणि इथे कोणी कागद मागत नाही याचंच बरं वाटत होतं!

बिंग फोडलं भाचीनं. ती म्हणाली, "मामा, पीएनआर राहू दे, तिकीट नंबर सांग." विमान कंपनीच्या साइटवर आमची नावं नीट दिसली होती, त्यामुळे आम्ही खुशीत होतो. पण ट्रॅव्हलवाले पैसे न भरता काही काळ जागा अडवू शकतात आणि तेवढ्यालाही पीएनआर मिळतो. तिकीट खरंच निघालं की १३ आकडी नंबर येतो. आमच्या कागदावर तो नव्हता. दुसऱ्या दिवशी तो पीएनआरही उडाला.

मग नेहमीचं. फोन लागेना, ऑफिसला कुलूप. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली. पण ती हेल्पलाइन उपयोगी पडते ती पैसे गेल्या गेल्या फोन केला तर, आणि आमचे पैसे जाऊन चार महिने झाले होते. ठाण्यात रीतसर अर्ज दिला. (१ जुलै २०२४ पासूनच्या फसवणुकीला 'चारसोबीस' नव्हे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं; आमचे पैसे मात्र त्याआधीच गेलेले.) दिवाळी घरीच झाली. त्यातही गंमत बघा: त्या वर्षी फूजीवर पहिलं बर्फ दिसलं ते थेट ७ नोव्हेंबरला, १८९४ पासूनच्या नोंदींत सगळ्यात उशिरा. म्हणजे खरंच पोचलो असतो तरी लक्ष्मीपूजन राखेतच झालं असतं.

पोलिसांनी बोलावल्यावर त्याचे वडील येऊन ६०,००० रोख देऊन गेले. बाकीच्या रकमेचा त्या मुलानं चेक दिला. मी तो भरला आणि तिसऱ्या दिवशी मेमोसह परत आला: खात्यात पुरेशी रक्कम नाही. नोकरीत असे मेमो किती लिहिले असतील, मोजदाद नाही. मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत चेक न वटल्याची, कलम १३८ ची, नोटीस जायला हवी, म्हणून परवाच वकिलांकडे जाऊन आलो.